जाहिरात क्षेत्र: कॅमेऱ्याच्या आधीचं आणि नंतरचं काम

बारावीची मुलगी ‘मला अ‍ॅडव्हर्टायझिंगमध्ये जायचंय’ म्हणाली की घरातून हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे नेमकं करायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. डॉक्टर, वकील, बँकेतला अधिकारी यांचं काम आईवडिलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जाहिरातीतलं मात्र त्यांना टीव्हीवरचे तीस सेकंद तेवढे दिसतात, आणि त्यावरून वाटतं की हे क्षेत्र चटपटीत बोलणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, मुंबईत ओळखी असणाऱ्या मुलांचं. म्हणून या लेखात त्या तीस सेकंदांच्या आधी आणि नंतर जी कामं चालतात, त्यांच्याबद्दल मुख्यत्वे सांगणार आहे. नोकऱ्या तिथेही भरपूर आहेत, आणि शांत, चौकस, हिशेबी मुलांना तिथे मोठी जागा आहे.

सुरुवात गिऱ्हाइकापासून होते. वस्तू कोण घेतं, किती वेळा घेतं, दुकानात नाव सांगून मागतं की वाण्याने दिलं ते उचलतं, हे कळल्याशिवाय कोणतीही शहाणी कंपनी जाहिरातीवर पैसा घालत नाही. आपल्याकडे घरांची वर्गवारी करण्याची जी पद्धत 2011 पासून वापरात आली, ती पालकांनी जरूर समजून घ्यावी. तिला एनसीसीएस म्हणतात. तिच्यात घराचं उत्पन्न विचारतच नाहीत, कारण ते खरं सांगणारे थोडेच. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ठरवून दिलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, एवढ्यावर वर्ग ठरतो. पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्याबरोबर त्या यादीत शेतजमीनही आहे. ज्याने ही यादी केली त्याला भारतातली घरं माहीत होती. असा विचार करणाऱ्या माणसाला कन्झ्युमर रिसर्चमध्ये काम मिळतं.

आकड्यांनी सगळं कळत नाही, म्हणून माणसं घरोघर पाठवावी लागतात. तमिळनाडूतल्या चिक शाम्पूची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये स्वतःची कंपनी काढली, तेव्हा शाम्पू म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांची बाटली होती. त्यांनी तो छोट्या सॅशेत विकला. पण खेड्यात अडचण नुसत्या किमतीची नव्हती, शाम्पू वापरायचा कसा हेच अनेकांना माहीत नव्हतं. मग कंपनीची माणसं गावात जाऊन शाळकरी पोरांचे केस धुऊन दाखवत आणि भोवतालच्या लोकांना त्या केसांवरून हात फिरवायला सांगत. हे संशोधनही होतं आणि जाहिरातही. आज अगदी लहान गावातल्या टपरीवरही सॅशेच्या माळा लटकलेल्या दिसतात, त्या सवयीची सुरुवात अशा प्रयोगांतून झाली.

या कामाला संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांतली पदवी थेट उपयोगी पडते. ‘बीए करून पुढे काय’ या काळजीत असलेल्या पालकांनी ही वाट नीट पाहावी. पहिली दोन-तीन वर्षं फील्डवर जातात. ऊन असतं, एसटी असते, दार न उघडणारी माणसं असतात, आणि पगारही बेताचा असतो. पण अनोळखी बाईला तिच्याच स्वयंपाकघरात बसून तासभर मोकळेपणाने बोलतं करणं ज्याला जमतं, त्याला पुढे कामाची ददात पडत नाही. ग्रामीण भागातून आलेल्या, दोन-तीन बोली समजणाऱ्या मुलांना इथे मोठी आघाडी मिळते.

एजन्सीच्या आतल्या कामाबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. क्लायंटशी बोलून ब्रीफ आणणारा विभाग वेगळा, गिऱ्हाइकाचा अभ्यास करून दिशा ठरवणारा प्लॅनिंगचा वेगळा, शब्द लिहिणारा कॉपीरायटर आणि दृश्य ठरवणारा आर्ट डायरेक्टर यांची जोडी वेगळी, आणि कुठल्या माध्यमात किती पैसे घालायचे ते ठरवणारी मीडियाची मंडळी वेगळी. एका विभागातून दुसऱ्यात जाता येतं. फेव्हिकॉल आणि कॅडबरीच्या जाहिरातींमुळे माहीत असलेले पीयूष पांडे इतिहास शिकलेले, राजस्थानकडून रणजी खेळलेले, चहाची चव पारखण्याची नोकरी केलेले. ओगिल्व्ही या एजन्सीत ते 1982 मध्ये क्लायंट सर्व्हिसिंगला लागले आणि लिहिण्याच्या कामाकडे काही वर्षांनी वळले. 2025 मध्ये ते गेले, तेव्हा भारतीय जाहिरातीला लोकांच्या बोलीत आणणारा माणूस म्हणून त्यांची आठवण काढली गेली. अशी वळणावळणाची वाट या क्षेत्रात नवलाची नाही. पहिली नोकरी चुकीच्या विभागात लागली म्हणून पालकांनी घाबरून जाऊ नये.

आता ज्या भागाकडे करिअर मेळाव्यात फारसं कुणी वळत नाही, त्याबद्दल. वस्तूचं नाव.

नाव सुचणं हा कल्पकतेचा भाग झाला, ते आपलं राहणं हा कायद्याचा. पार्लेचं उदाहरण घ्या. त्यांचं बिस्किट पूर्वी ‘ग्लुको’ नावाने विकलं जाई. पण ग्लुकोज हा पदार्थाचाच शब्द, त्यावर एकट्याचा हक्क कसा सांगणार? इतर कंपन्याही ग्लुकोज बिस्किटं काढू लागल्या आणि दुकानात गिऱ्हाईक नुसतं ‘ग्लुकोज द्या’ म्हणू लागलं. ऐंशीच्या दशकात ‘पार्ले-जी’ हे नाव आलं ते त्यामुळे. भारताच्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातही तत्त्व हेच आहे. जे नाव वस्तूचा प्रकार, गुण किंवा गाव नुसतं वर्णन करून सांगतं, त्याची नोंदणी सहसा होत नाही.

आणखी एक निकाल मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्याचा निकाल 1962 चा. न्यायालयाने दोन शब्द शब्दकोश घेऊन तोलले नाहीत. साधारण बुद्धीचा, अर्धवट आठवणीवर खरेदी करणारा माणूस, मग तो खेड्यातला असो वा शहरातला, लिहिता-वाचता येणारा असो वा नसो, या दोन नावांत गोंधळेल का, असा प्रश्न विचारला आणि गोंधळेल असं उत्तर दिलं. मात्र अमृतधारावाल्यांनी अनेक वर्षं त्या दुसऱ्या नावाकडे काणाडोळा केला होता, म्हणून लक्ष्मणधाराची नोंदणी उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती टिकली. या एका निकालात जाहिरातीच्या शिक्षणाचा मोठा हिस्सा आहे. कायद्यालासुद्धा शेवटी गिऱ्हाइकाच्या आठवणीपाशीच यावं लागतं, आणि आपल्या नावावर लक्ष ठेवणारा माणूस कंपनीला रोज लागतो.

हा माणूस तुमचा मुलगा किंवा मुलगी असू शकते. कायद्याची पदवी घेऊन बौद्धिक संपदेकडे वळणं हा सरळ रस्ता. पण कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ट्रेडमार्क एजंटची परीक्षा देऊनही या कामात शिरता येतं. ट्रेडमार्क नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण होतं. वस्तू आणि सेवा 45 वर्गांत विभागलेल्या आहेत, आणि अर्ज नेमक्या वर्गात करावा लागतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये पडते. अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि हरकतीसाठी चार महिने मिळतात. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच लावायचा, आधी लावायला कायद्याने मनाई आहे. बारकाईने वाचणाऱ्या, तारखा पाळणाऱ्या मुलांसाठी हे काम आहे.

पॅकेजिंगवर थोडं जास्त रेंगाळतो, कारण मराठी घरांना ते सर्वात जवळचं आणि सर्वात दुर्लक्षित आहे. समजा, मालवणातल्या एका बचत गटाला कोकम आगळ बाटलीत भरून पुण्यात विकायचं आहे. आगळ आंबट आणि खारट, म्हणजे साध्या पत्र्याचं झाकण गंजणार. कोकमाचा लाल रंग उजेडात आणि उष्णतेत फिका पडतो, म्हणजे पारदर्शक बाटली दिसायला छान, पण दुकानाच्या काचेत महिनाभर उन्हात राहिली तर माल शिळा वाटणार. काचेची बाटली चव राखते, पण जड असते, आणि कुरियरमध्ये फुटते. प्लास्टिकची हलकी, पण कोणतं प्लास्टिक आम्लाला टिकेल हे तपासावं लागतं. मग लेबल. निव्वळ प्रमाण, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार छापावंच लागतं, आणि आकड्यांची उंची किती हवी हेसुद्धा नियमात आहे. खाद्यपदार्थ म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. नाव नुसतं ‘मालवणी कोकम आगळ’ ठेवलं तर ते ट्रेडमार्क म्हणून टिकणार नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते त्या भागातल्या सर्व पात्र उत्पादकांचं असतं, एका गटाचं नव्हे. एवढं सगळं सांभाळून पुन्हा ती बाटली फळीवरच्या वीस बाटल्यांत उठून दिसली पाहिजे.

या एका बाटलीवर रसायनशास्त्र शिकलेला, अक्षररचना जाणणारा, नियम माहीत असलेला आणि गिऱ्हाईक ओळखणारा अशी चार माणसं लागली. त्यातल्या पहिल्यासाठी अंधेरीची भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. ती 1966 पासून चालू आहे आणि विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधरांना तिथे दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका करता येते. नेरूळला एसआयईएस संस्थेचं पॅकेजिंगचं शिक्षण आहे. बीएस्सी झालेल्या मुलांना ही नावं महाविद्यालयात कुणी सांगत नाही, याची मला फार खंत वाटते. औषध कंपन्या, अन्नप्रक्रिया, निर्यात, सगळीकडे ही माणसं हवी असतात. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकवर निर्बंध आले, आणि अनेक थरांची पाकिटं पुनर्वापरात आणणं किती अवघड आहे हा प्रश्न कंपन्यांसमोर उभा राहिला. तो सोडवणाऱ्यांचं काम संपायला बराच अवकाश आहे.

चित्रकलेचा हात असलेल्या मुलांना उपयोजित कला हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. मुंबईचं सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय आणि पुण्याचं अभिनव ही नावं पालकांच्या कानावर असतील. राज्यातल्या अशा महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्ष प्रवेश परीक्षा घेतो. डिझाइनच्या पदवीसाठीची आयआयटी मुंबईची युसीड परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी देऊ शकतो, हे अनेक घरांत माहीत नसतं. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी. मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसी या पदवीत शेवटच्या वर्षी जाहिरात हा विषय निवडता येतो. व्यवस्थापनाच्या अंगाने जायचं तर अहमदाबादच्या मायकाची ख्याती मोठी आहे, मात्र तिथली फी घराचा हिशेब मांडूनच पाहावी.

स्थैर्याबद्दलची भीती खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. 2025 च्या अखेरीस ओम्नीकॉमने इंटरपब्लिक हा मोठा समूह ताब्यात घेतला आणि जगभरच्या काही जुन्या एजन्सींची नावं मिटली. एआयमुळे बॅनरचे पंचवीस आकार करणं, ठरीव मजकुराचे अनुवाद अशी कामं कमी होत जातील असं मला वाटतं. नुसतं सॉफ्टवेअर शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स करून मुलाला या क्षेत्रात ढकलू नका. त्याच्याकडे एक खोल विषय हवा, मग तो संख्याशास्त्र असो, कायदा असो, रसायनशास्त्र असो किंवा भाषा.

दुसरी शंका प्रामाणिकपणाची असते: ‘जाहिरात म्हणजे खोटं बोलणंच ना?’ 1985 पासून मुंबईतली एएससीआय ही या उद्योगाची स्वतःची संस्था तक्रारी तपासते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आणि जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनाही जबाबदार धरलं. त्यामुळे प्रत्येक दाव्यामागचा पुरावा तपासणारी माणसं आता कंपन्यांना नेमावी लागतात. ज्या मुलाला खोटं खपत नाही, त्याला इथे खास काम आहे.

मराठी माध्यमाची काळजी करणाऱ्यांना र. कृ. जोशी यांचं नाव सांगतो. उल्का एजन्सीत कलादिग्दर्शक, पुढे आयआयटी मुंबईत शिक्षक, आणि संगणकावर देवनागरीसाठी वापरला जाणारा ‘मंगल’ फाँट त्यांचाच. आपल्या लिपीवरच्या प्रेमातून त्यांनी मोठं काम उभं केलं. इंग्रजी कामापुरती शिकून घ्यावी लागतेच, आणि ती शिकता येते.

प्रवेशाला अजून वर्ष असेल तर मुलांनी एक वही घालावी. घरात येणारं प्रत्येक नवं पाकीट तिच्यात चिकटवावं. कुणी आणलं, का आणलं, आधीचं का सोडलं, हे आणणाऱ्याला विचारून खाली लिहावं. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ते नाव शोधून पाहावं, शोध फुकट आहे. पाकीट सरळ फाटतं का, छापील तारीख आजीला चष्म्याशिवाय वाचता येते का, हेही नोंदवावं. मुलाखतीला जाताना चित्रांच्या पोर्टफोलिओबरोबर ही वहीसुद्धा न्यावी.