पुस्तकातली भीती, पडद्यावरची भीती

वाचण्यापूर्वी

आधी पुस्तक वाचलं आणि मग त्यावरचा सिनेमा पाहिला, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? बाहेर पडताना तुम्ही काय म्हणालात? बहुतेक, ‘पुस्तकात असं नव्हतं!’ आज आपण याच वाक्याचा थोडा खोलात जाऊन विचार करू. (सूचना: या पाठात कादंबरीचा आणि सिनेमाचा, दोन्हींचा शेवट सांगितला आहे.)

शब्दार्थ

माध्यमांतर – एका माध्यमातली गोष्ट दुसऱ्या माध्यमात नेणं
झपाटलेलं – भुताने पछाडलेलं
राखणदार – जागेची देखभाल करणारा
भूलभुलैया – वाट चुकवणारी रचना
घालमेल – मनातली ओढाताण

पाठ

स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची ‘द शायनिंग’ ही कादंबरी १९७७ साली आली. तीन वर्षांनी, १९८० साली, स्टॅन्ली कुब्रिक यांनी तिच्यावर त्याच नावाचा सिनेमा काढला. दोन्ही गाजले. पण स्वतः किंग यांना मात्र तो सिनेमा आवडला नाही. असं का झालं असेल?

आधी गोष्ट पाहू. जॅक टॉरन्स हा शिक्षक आणि होतकरू लेखक. दारूच्या नशेत त्याने एकदा आपल्या लहान मुलाचा, डॅनीचा, हात मोडला होता. पुढे एका विद्यार्थ्याला मारल्यामुळे नोकरीही गेली. आता त्याने दारू सोडली आहे. कोलोरॅडोच्या डोंगरात ओव्हरलुक नावाचं मोठं हॉटेल आहे. हिवाळ्यात बर्फामुळे ते बंद असतं. तिथे राखणदार म्हणून जॅक बायको वेंडी आणि डॅनी यांच्यासह राहायला जातो. हॉटेल झपाटलेलं असतं आणि हळूहळू ते जॅकचा ताबा घेतं.

इथपर्यंत पुस्तक आणि सिनेमा ढोबळमानाने हातात हात घालून चालतात. मग वाटा वेगळ्या होतात.

काही बदल माध्यमामुळे झाले. पुस्तकात बागेतली झुडपं प्राण्यांच्या आकारात कापलेली आहेत आणि ती जिवंत होतात. वाचताना तुमच्या डोक्यात तो झुडपाचा सिंह सहज हलतो. पण १९८० मध्ये पडद्यावर तो पटेल असा हलवणं फार कठीण होतं. जरा चुकलं असतं, तर लोक घाबरण्याऐवजी हसले असते. कुब्रिक यांनी प्राणी काढून टाकले आणि तिथे उंच झुडपांचा भूलभुलैया आणला.

काही बदलांचं कारण तर अगदीच साधं आहे. पुस्तकातली भयंकर खोली २१७ नंबरची. सिनेमात ती २३७ झाली. का? हॉटेलची बाहेरची दृश्यं ऑरेगनमधल्या टिंबरलाइन लॉज या खऱ्या हॉटेलची आहेत. तिथे २१७ नंबरची खोली होती, २३७ नव्हती. सिनेमा पाहून २१७ मध्ये कोणी उतरणार नाही, अशी त्यांना काळजी वाटली. गंमत म्हणजे, आता पाहुणे २१७ हीच खोली सर्वांत जास्त मागतात!

पण सर्वांत मोठा बदल वेगळाच आहे. तो जॅकच्या मनात आहे.

कादंबरी आपल्याला माणसाच्या डोक्यात नेऊन बसवते. जॅकला मुलाबद्दल वाटणारं प्रेम, जुन्या चुकीची लाज, दारूची ओढ, ही सगळी घालमेल आपण आतून वाचतो. हा माणूस सावरावा, असं आपल्याला मनापासून वाटतं. किंग स्वतः त्या काळात दारूच्या व्यसनाशी झगडत होते, म्हणून हा बाप त्यांच्या जवळचा होता.

कॅमेऱ्याला मात्र विचार दिसत नाहीत. त्याला चेहरा दिसतो, जागा दिसते, आवाज ऐकू येतो. म्हणून सिनेमा भीती बाहेरून उभी करतो. डॅनी तीनचाकी सायकलवरून रिकाम्या हॉटेलात फिरतो आणि कॅमेरा त्याच्या मागे, जमिनीलगत सरकत राहतो. लाकडी फरशीवर चाकांचा खडखडाट होतो, गालिच्यावर आला की एकदम शांतता. पुन्हा खडखडाट, पुन्हा शांतता. भूत कुठेच नाही, तरी आपण खुर्चीला घट्ट धरून बसतो.

मात्र बाहेरून पाहिलेला जॅक सुरुवातीपासूनच विचित्र वाटतो. किंग यांची मुख्य तक्रार हीच होती: चांगला माणूस हळूहळू बिघडतो, हे दिसलंच नाही, तर त्याच्याबद्दल वाईट कशाला वाटेल?

म्हणूनच शेवटही बदलला. पुस्तकात हॉटेलचा जुना बॉयलर रोज सांभाळावा लागतो, नाहीतर फुटेल. शेवटी क्षणभर जॅकमधला बाप जागा होतो आणि डॅनीला पळून जायला सांगतो. बॉयलरकडे लक्ष द्यायचं राहून जातं; स्फोट होतो आणि हॉटेलसह जॅक जळून जातो. सिनेमात तो क्षण नाही. जॅक कुऱ्हाड घेऊन मुलाच्या मागे भूलभुलैयात धावतो आणि बर्फात गोठून मरतो. एक शेवट आगीचा, दुसरा बर्फाचा. हा फरक किंग यांनीही बोलून दाखवला आहे.

पुढे १९९७ साली किंग यांनी स्वतः पटकथा लिहून टीव्हीसाठी मालिका केली. तिच्यात झुडपांचे प्राणी आले, बॉयलरही आला. तरी ‘शायनिंग’ म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो कुब्रिक यांचाच सिनेमा. म्हणजे पुस्तकाशी प्रामाणिक राहणं ही एक गोष्ट आणि परिणाम साधणं ही दुसरी.

मग बरोबर कोण? जरा स्वतःकडे पाहा. शाळेत इंग्रजीत घडलेली गंमत तुम्ही रात्री व्हिडिओ कॉलवर आजीला मराठीत सांगता. शब्द बदलता, एखादा विनोद गाळता, काही समजावून सांगता. तरी आजी हसली, तर गोष्ट पोचली. पण त्या गंमतीत तुमचा मित्र रडला होता आणि तेच सांगायचं राहिलं, तर? आजी हसेल, पण ती गोष्ट वेगळीच असेल. तेव्हा ‘काय बदललं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘काय हरवलं, आणि त्याच्या बदल्यात काय मिळालं?’ हेही विचारा.

समजलं का?

१. झुडपांच्या प्राण्यांऐवजी सिनेमात काय आलं? का?
२. खोलीचा नंबर बदलण्याचं कारण तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘कॅमेऱ्याला विचार दिसत नाहीत’ म्हणजे काय? पाठातलं उदाहरण द्या.
४. किंग यांची तक्रार तुम्हाला पटते का? दोन कारणं लिहा.

आता तुम्ही

पुढचं वाक्य वाचा: ‘दार वाजलं तेव्हा मला माहीत होतं, की बाहेर कोणीच नसणार.’ याचं दृश्य तयार करा. एकही संवाद नको, मनातले विचार नकोत. फक्त काय दिसतं आणि काय ऐकू येतं, ते आठ ओळींत लिहा. मग घरात कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांना विचारा: भीती वाटली का?