पळसाला पाने किती?
(इयत्ता ३ री व ४ थी : परिसर-निरीक्षण व काव्यलेखन)

'पळसाला पाने तीनच' ही म्हण चौथीच्या बहुतेक मुलांस पाठ असते. परंतु ती तीन पाने सारखी असतात काय, असे विचारले म्हणजे गावालगत पळस असलेल्या शाळेतील मुलेही गप्प बसतात. म्हण तोंडी आहे, झाड डोळ्यांसमोर आहे. दोहोंची गाठ मात्र पडलेली नाही.

'वसंत ऋतू' या विषयावरील मुलांच्या कवितांतही हेच आढळते. त्यांत हिरवीगार वनराई असते, मंद वारा असतो. वास्तविक आपल्या पठारी मुलखात ऋतुबदलाची पहिली खूण हिरवी नसून तांबडी असते. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा व काटेसावर या झाडांची पाने गळतात आणि उघड्या फांद्यांवर फुले येतात. मुलाने पाहिलेले लिहावे, ऐकीव लिहू नये, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

पूर्वतयारी : शिक्षकाने आदल्या दिवशी वाट स्वतः चालून पाहावी व चार-पाच झाडे निश्चित करावीत. शेतातून जावयाचे असल्यास मालकाची परवानगी घ्यावी. फेरी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी काढावी. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) जवळ असल्यास त्यातील फाल्गुन व चैत्र हे महिने शिक्षकाने आधी वाचावेत. मुलांस मात्र ते आधी वाचून दाखवू नयेत.

पहिली फेरी (माघअखेर) : पाच-सहा मुलांच्या एका गटास एकच झाड द्यावे. माहिती सांगू नये, प्रश्न विचारावेत. पळसाची कळी ज्या वाटीत बसलेली असते, तिचा रंग कोणता व स्पर्श कसा? फुलाचा आकार कशासारखा? त्यास वास येतो काय? झाडाखालचे वाळके पान उचलून पाहावे : एका देठावर तीन दले, मधले मोठे, बाजूची दोन किंचित तिरकी. घरच्या पत्रावळीत हीच दले टाचलेली असतात, हे मुले आपण होऊन सांगतील. सावरीखाली थोडा वेळ अगदी स्तब्ध बसावे. जड फूल खाली पडते तेव्हा आवाज होतो. फुले तोडू नयेत, पडलेलीच घ्यावीत. सावर व पांगारा यांच्या काट्यांविषयी आधीच सूचना द्यावी.

दुसरी फेरी (पंधरा-वीस दिवसांनी) : त्याच झाडांकडे परत जावे. काय नवे आले, काय गेले? आंब्याचा मोहोर किती झडला व कणीएवढ्या कैऱ्या किती धरल्या? पिंपळाची कोवळी पालवी हिरवी आहे की तांबूस? कवितेचा विषय बहुधा या दुसऱ्या भेटीतच सापडतो, कारण बदल तेथेच दिसतो.

लेखन : वर्गात परतल्यावर प्रथम तोंडी सांगू द्यावे. नंतर चार ओळी; प्रत्येक ओळीत पाहिलेली, ऐकलेली वा स्पर्शिलेली एक गोष्ट. यमकाची सक्ती नको. 'सुंदर', 'रम्य', 'मनोहर' हे शब्द त्या दिवसापुरते वर्ज्य करावेत. ज्यास लिहिणे जड जाते, त्याने सांगावे व शिक्षकाने फळ्यावर लिहावे.

तपासणी : येथे प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक नमूद करणे अगत्याचे वाटते. एका मुलाने वहीत लिहिले होते, 'सावरीला पान न्हाई, पन पाखरं जेवून जात्यात.' लेखकाने दोन शब्द तांबड्या शाईने खोडून 'शुद्ध लिही' असा शेरा दिला. शुद्धलेखन सुधारले; परंतु पुढे वर्षभर त्या मुलाने केवळ ठरावीक ओळीच लिहिल्या. पर्णहीन सावरीवर मधासाठी साळुंक्या, बुलबुल व कावळे येतात, हे त्याने स्वतः पाहिले होते. ते पाहणे लेखकाने खोडले, ही गोष्ट फार उशिरा ध्यानात आली.

म्हणून पहिल्या वाचनात लेखणी खाली ठेवावी. 'हे तू कोठे पाहिलेस?' एवढेच विचारावे. मुलाने झाडाकडे बोट दाखविले, तर पाठ साधला असे समजावे. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी घ्यावे. त्यास अवकाश आहे. पळस मात्र तोपर्यंत थांबत नाही.