लग्नांतील वाजंत्री व मंडळींतील वादक मुलें

वाचावयाचे शास्त्रभाग : गणना १०:१-१०, लूक १४:२८-३०, १ करिंथ १४:७-९.

लग्नसराई जवळ आली म्हणजे आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत कपड्यांचा, जेवणाचा व मांडवाचा पुष्कळ विचार होतो. वाद्यांविषयीं मात्र 'अमक्याच्या लग्नांत होतें त्याहून मोठें आणूं' एवढाच विचार होतो. सुपारी देऊन टाकितात, आणि मग मंदिराच्या दारांत काय वाजावें हें वाजविणाऱ्यांच्या मर्जीवर राहतें. दुसरीकडे, मंडळींतला एखादा मुलगा हौसेनें कॉर्नेट हातीं घेतो, पण त्यास शिकविणारा कोणी नसतो. चित्रपटांतील दोन गाणीं कशींबशीं निघूं लागलीं कीं तो भाड्याच्या पथकांत जातो व शाळेस मुकतो. ह्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, पण त्यांचें मूळ एकच आहे असें आम्हांस वाटतें. ज्या मंडळीस चांगला स्वर ओळखतां येतो तिलाच चांगला वादक निवडतां येतो. आणि जी आपल्या मुलांस नीट शिकविते तिलाच चांगला स्वर ओळखतां येतो.

शास्त्र काय शिकवितें

मोशेस चांदीचे दोन कर्णे घडविण्याची आज्ञा झाली. एक कर्णा वाजला म्हणजे सरदारांनीं जमावें, दोन्ही वाजले म्हणजे सर्व मंडळीनें जमावें, तळ हलवावयाचा असल्यास निराळा नाद. शिवाय आनंदाच्या दिवसांतही ते वाजवावयाचे होते. म्हणजे प्रत्येक नादास अर्थ होता, व ऐकणाऱ्यास तो समजत असे. पौलही करिंथ येथील मंडळीस हेंच दाखवितो कीं, कर्ण्याचा नाद स्पष्ट नसेल तर त्यावरून कोणी लढाईस सिद्ध होणार नाहीं. तेव्हां लग्नांतील वाद्याची पहिली कसोटी मोठेपणा नव्हे, स्पष्टपणा होय.

वाजंत्री निवडतांना

पहिली गोष्ट, काम ठरवावें. वधूवरांचें आगमन, उपासनेंतील गायन, विधि आटोपल्यावर बाहेर पडणें व वरात हीं चार निरनिराळीं कामें आहेत. वरातींत शोभणारा ढोल गायनाच्या वेळीं शब्द बुडवितो. चारही कामें एकाच पथकास देण्याची गरज नाहीं. गायनास पुष्कळदां पेटी व तबला एवढेंच पुरे होतें.

दुसरी गोष्ट, ऐकल्यावांचून सुपारी देऊं नये. जलद व गाजलेली चाल कोणासही दडपून वाजवितां येते. परीक्षा करावयाची असेल तर संथ चालीचें एखादें भजन वाजवावयास सांगावें. स्वर शेवटपर्यंत स्थिर राहतो काय? सर्व कॉर्नेट एकाच स्वरावर येतात काय? बँडमास्तरानें हात खालीं करतांच आवाज मंद होतो काय? हे तीन प्रश्न गांवच्या साध्या माणसासही विचारतां येतील.

तिसरी गोष्ट, पट्टी आधीं ठरवावी. नेहमींचा कॉर्नेट बी-फ्लॅट जातीचा असतो. पिस्टन न दाबतां निघणारा त्याचा सा पेटीच्या काळी पांचशीं मिळतो. गायक काळी एकमध्यें गातात आणि कॉर्नेटवाल्यास तें ऐन वेळीं कळतें, मग गोंधळ होतो. दुसरें असें कीं, वाद्य तापलें म्हणजे त्यांतील हवा तापते व स्वर चढतो. म्हणून उन्हांतून चालत आलेल्या पथकानें मंदिरांत वाजविण्यापूर्वीं पुन्हां पेटीशीं स्वर जुळवून घ्यावा.

सनई चांगली कीं बँड, असा प्रश्न कोणी कोणी करितात. हा श्रद्धेचा प्रश्न नाहीं. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) ह्यांनीं ओवी व अभंग ह्यांस ख्रिस्ती भक्तींत मानाची जागा दिली. मग ह्या देशाचें वाद्य आपणांस परकें कां वाटावें? ज्या चालींत मुरकी व घसीट फार ती सनईवर किंवा क्लॅरिनेटवर खुलते. सरळ व ठाय चाल पितळी वाद्यांवर भरदार वाटते. चाल पाहून वाद्य निवडावें.

आवाजाविषयीं सरकारी नियमही आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे, व २०१० सालच्या दुरुस्तीनें वाद्येंही त्यांत आलीं. डीजेच्या भिंती उभारून शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडणें हा आनंद नव्हे. कायदा नसता तरी शेजारधर्म आहेच.

चौथी गोष्ट, करार स्पष्ट असावा. वादक किती, वेळ किती, बिदागी किती, इसार किती, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हें लिहून ठेवावें. दारू पिऊन कोणी वाजवूं नये हेंही आधींच सांगावें. प्रभूनें बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. त्याप्रमाणें बसून खर्चाचा हिशेब करावा. एका संध्याकाळच्या बाजाकरितां सावकाराचें व्याज वर्षानुवर्षें भरणें हें वधूवरांच्या संसारास पहिल्याच दिवशीं घातलेलें जूं होय.

आणि वाजविणाऱ्यांस पंगतींतच जेवावयास बसवावें. आपल्या देशांत वाजविण्याचें काम ज्या जातींवर टाकलें होतें त्यांच्या वाद्यावांचून लग्न लागत नसे. पण त्यांस मात्र मांडवाबाहेर बसवीत. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे असेच बाहेर बसले होते. तेव्हां आपल्या मांडवांत कोणी वाजंत्री उरलेल्या अन्नाची वाट पाहत उभा राहिला, तर आपण कोठून आलों हें आपण विसरलों असें होईल.

मुलांस शिकवितांना

मुलाचे पुढचे कायमचे दांत नीट आले म्हणजे, साधारण आठव्या ते दहाव्या वर्षाच्या सुमारास, कॉर्नेट शिकविण्यास आरंभ करावा. पहिले कांहीं दिवस वाद्य हातीं न देतां चाल गाऊन घ्यावी; जी चाल मुलास गातां येत नाहीं ती त्यास वाजवितां येणार नाहीं. मग नुसतें माउथपीस द्यावें. नाद पितळेंतून निघत नाहीं. ओठांच्या थरथरण्यानें तो उत्पन्न होतो, व पितळ त्यास मोठा करितें. गाल फुगवूं देऊं नयेत, व उंच स्वरासाठीं माउथपीस ओठांवर दाबूं देऊं नये. तशा दाबानें ओठ लवकर थकतो. श्वास खोल, पोटापर्यंत घ्यावा.

त्यानंतर लांब स्वर. एकच स्वर चार मात्रा, पुढें आठ मात्रा, न हलतां धरावा. हें कंटाळवाणें वाटतें, पण पाया येथेंच पडतो. कॉर्नेटला तीन पिस्टन असतात : पहिला स्वर एका पूर्ण टप्प्यानें उतरवितो, दुसरा अर्ध्यानें, तिसरा दीड टप्प्यानें. पण बोटें तींच ठेवूनही ओठांच्या ताणानें निरनिराळे स्वर निघतात. म्हणून ज्याचा कान तयार नाहीं त्याचीं बोटें कितीही चपळ असलीं तरी व्यर्थ. आरंभीं दररोज पंधरा-वीस मिनिटें पुरेत, आणि जितका वेळ वाजवावें तितकाच ओठांस विसावा द्यावा.

स्वच्छतेचा धडाही त्याच दिवशीं द्यावा. वाजविणें झालें कीं नळींतलें पाणी काढून टाकावें, वेळोवेळीं कोमट पाण्यानें वाद्य धुवावें, पिस्टनांस त्याचेंच तेल द्यावें. प्रत्येक मुलाचें माउथपीस वेगळें असावें. तें शक्य नसेल तर साबणानें धुतल्यावांचून दुसऱ्याच्या तोंडास लावूं देऊं नये.

वाद्यें थोडीं आहेत म्हणून निराश होऊं नये. मुक्तिफौजेच्या बँडांचा उगम इंग्लंडांतील सॉल्सबरी येथें १८७८ सालीं झाला. तेथें चार्ल्स फ्राय नांवाचे एक बांधकाम करणारे गृहस्थ व त्यांचे तीन पुत्र दोन कॉर्नेट, एक ट्रॉम्बोन व एक युफोनियम घेऊन रस्त्यावरील उपदेशकांच्या मदतीस उभे राहिले. एक कुटुंब व चार वाद्यें, एवढाच तो आरंभ होता. आपल्या मंडळींतही दोन कॉर्नेट, एक युफोनियम व एक ढोल एवढ्यानें पुष्कळ काम होईल.

एक सावधगिरी

मुलें थोडी वाजवूं लागलीं कीं 'आतां बँडचे पैसे वांचले' असें म्हणून त्यांस प्रत्येक वरातींत उभें करण्याचा मोह होतो. दहावीच्या परीक्षेचे दिवस व लग्नाचे दिवस जवळजवळच येतात. रात्रीं बारापर्यंत वाजविलेला मुलगा सकाळीं गणितांत काय लक्ष घालणार? चौदा वर्षांखालील मूल मोलानें पथकांत लावणें तर कायद्यासही मान्य नाहीं; वरातींत त्याच्या डोक्यावर दिव्याचें ओझें देणें हेंही त्यांतच आलें. आमची सूचना अशी कीं, लहान मुलांनीं उपासनेंत एक-दोन गीतें वाजवावीं व घरीं जावें. मोठ्या तरुणांनीं वाजविलें तर त्यांस बिदागी द्यावी. 'आपलींच पोरें' म्हणून फुकट राबवूं नये. तीं आपलीं आहेत म्हणूनच त्यांचा मान अधिक राखावा.

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांतील मागील तीन लग्नांत वाद्यांवर किती खर्च झाला, व त्यांपैकीं किती कर्जानें झाला?
२. वाजविणाऱ्यांस आपण कोठें बसवितों?
३. मंडळींत स्वरज्ञान असलेला असा कोण आहे कीं जो आठवड्यांतून दोन सायंकाळ मुलांस देईल?
४. लग्नसराईंत मुलांचा अभ्यास सांभाळण्याकरितां पंचांनीं कोणता नियम करावा?