प्लगची टोपी आधी काढ

वाळूज

चि. गणेश,

ताईचा फोन आला होता. उन्हाळी मिरची लावून झाली, ठिबक आणि मल्चिंग झालं, आणि तू पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप घेतलास, हे तिच्याकडून कळलं. घरचं काम उरकलं की पंप भाड्यानेही देणार आहेस म्हणे. चांगलं आहे. शिवना-आमठाणा पट्ट्यात मिरचीवरची फवारणी कधी थांबत नाही. आधी फुलकिडे, मग कोळी, मागोमाग चुरडामुरडा. पंपाला काम कमी पडणार नाही. पण भाड्याने दिलेलं यंत्र दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर जातं. इंजिन त्याच्या पाठीमागे असतं आणि त्याला ते दिसतही नाही. पेट्रोलची नळी पाझरली तर सदरा त्याचा भिजेल. म्हणून या पंपाची देखभाल तू स्वतःच्या हातानं करावीस असं मला वाटतं.

इंजिनाला पाना लावण्याआधी प्लगची टोपी ओढून बाजूला कर, रोज, न विसरता. स्विच बंद आहे, मग हे कशाला, असं तू म्हणशील. या इंजिनाला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमध्ये चुंबक असतो. चाक फिरलं की ठिणगी तयार होते. स्विच फक्त त्या विजेला इंजिनाच्या सांगाड्यात वाट करून देतो. त्याची बारीक वायर हादऱ्यानं तुटली, तर स्विच ‘बंद’वर असूनही ठिणगी पडते. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असलं आणि चाक हातानं फिरलं, तर झटक्यात बोटं सापडू शकतात.

दुसरं, सर्व्हिसिंगला बसण्याआधी पंप धुवायचा. औषधाची टाकी, पट्टे, नोझल, सगळं साबणाच्या पाण्यानं, विहिरीपासून आणि गुरांच्या पाण्यापासून लांब. हातात रबरी मोजे हवेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. पंपाचं पाझरणारं सील किंवा औषधात मुरलेला पट्टा ही मला इंजिनाइतकीच महत्त्वाची बाब वाटते. पट्टा खराब झाला की बदल, त्यात काटकसर नको.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि गार पाहिजे. मधल्या सुट्टीत घाईनं पेट्रोल ओततात, तेव्हा सायलेन्सर तापलेलाच असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली जमिनीलगत पसरते आणि दिसत नाही. पंप पाठीवरून उतरवून जमिनीवर ठेव, दहा मिनिटं थांब, मग भर, काठोकाठ नको. आसपास बिडी-काडी चालणार नाही, गिऱ्हाईक वयानं कितीही मोठं असलं तरी. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नकोस. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घे आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

आणखी एक. आता जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासून होतं, आणि आपल्या सिल्लोडकडे ढिगानं पिकणाऱ्या मक्यापासूनही. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात पेट्रोल बरेच दिवस टाकीत राहिलं, तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि टाकीतला वजनदार फिल्टर नेमका तळालाच असतो. मग इंजिन चालू होत नाही, माणूस दोरी ओढून थकतो आणि दोष कंपनीला देतो. म्हणून आठवड्यात संपेल एवढंच आण. तुझ्या इंजिनाला किती इथेनॉल चालतं ते पुस्तिकेत पाहा. जुन्या यंत्रांना बहुधा दहा टक्क्यांचीच मुभा असे. तुझं इंजिन फोर स्ट्रोक आहे, त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. शेजारच्याचा टू स्ट्रोक असेल, त्याला मिसळावं लागतं. दोघांचे डबे अदलाबदल होऊ देऊ नकोस.

इंजिन ऑइल नव्या यंत्रात पहिल्या दहा तासांनी बदलायचं, कारण सुरुवातीला आतले भाग एकमेकांवर घासून बसतात आणि धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये येतो. पुढे दर पन्नास तासांनी. रोज चार-पाच तास पंप चालला तर दहा-बारा दिवसांत पन्नास तास भरतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पस्तीस सीसीच्या इंजिनात जेमतेम शंभर मिली ऑइल बसतं. एवढं थोडं असल्यानंच ते लवकर काळवंडतं. इंजिन कोमट असताना काढ, सपाट जागी ठेवून मोज. जास्त भरलंस तर धूर निघेल. काढलेलं ऑइल बांधावर ओतू नको, साठवून सिल्लोडच्या गॅरेजवाल्याला दे.

एअर फिल्टरचा फोम आमच्याकडे धुळीनं दोन दिवसांत भरतो. साबणाच्या पाण्यात धू, पिळू नको, दाबून पाणी काढ, सावलीत वाळव, मग दोन-चार थेंब ऑइल लावून परत दाब. पेट्रोलनं धुऊ नकोस. सिलिंडरच्या पात्यांमधला कचराही ब्रशनं काढ. तिथे हवा लागली नाही तर मे महिन्याच्या उन्हात इंजिन जळायला वेळ लागत नाही.

प्लग काढलास की आधी त्याचा रंग पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक आहे. कोरडी काळी काजळी दिसली तर फिल्टर तुंबलेला आहे किंवा चोक पूर्ण उघडत नाही. पांढरट, भाजल्यासारखा दिसला तर इंजिन तापतंय, तसंच चालवत राहू नकोस. नवा प्लग आधी हातानं आटे बसेपर्यंत फिरव, मगच पाना लाव. ॲल्युमिनियमचे आटे गेले की सिलिंडरच बदलायची वेळ येऊ शकते.

आता ज्यासाठी मी मुद्दाम पत्र लिहायला बसलो ते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की कुणीतरी तुझ्याकडे पेट्रोलचा पाणी उपसायचा पंप मागायला येईल, उद्या तू तोही घेशील. जमिनीवर ठेवलेला असा पंप सात मीटरपेक्षा फार खोलवरून पाणी ओढू शकत नाही. त्यापुढे हवेचा दाबच पुरत नाही, इंजिन कितीही मोठं आणा. म्हणून लोक दोर बांधून इंजिनच विहिरीत टप्प्यावर उतरवतात. तिथेच माणसं मरतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. विहिरीत वारा नसतो, म्हणून हा वायू साठत जातो. खाली गेलेला माणूस चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. आपल्या जुन्या लोकांना कंदील सोडून पाहायची सवय आहे. कंदील विझला तर हवा वाईट हे खरं, पण कार्बन मोनॉक्साइड असतानाही कंदील जळत राहतो. आणि पेट्रोलची वाफ असेल तर कंदिलानंच भडका उडेल. पंप देताना स्पष्ट सांग, इंजिन विहिरीत उतरवणार असाल तर देत नाही. भाडं गेलं तर जाऊ दे. पाणी खोल असेल तर विजेची पाणबुडी मोटार लावावी. आणि कुणी पडलंच तर मागोमाग उतरू नको, कुणाला उतरू देऊ नको; ११२ ला फोन कर आणि वरूनच दोर-गळ टाका. बंद शेडमध्ये इंजिन चालवून पाहणंही तसंच धोक्याचं.

कापूस-मिरचीचा हंगाम संपला की टाकी रिकामी कर, उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव. प्लग काढून छिद्रात ऑइलचे चार थेंब टाक, टोपी लांब धरून दोरी हळूच दोनदा ओढ, प्लग परत लाव. पंप जमिनीवर ठेवू नको, उंदीर पेट्रोलच्या नळ्या कुरतडतात.

फट मोजायला फीलर गेज पाठवतो आहे. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर धर, तरी पुस्तिकेशी ताडून बघ. एक वही कर आणि कुणाला, कधी, किती तास दिला, ऑइल कधी बदललं ते लिहीत जा. व्हॉल्व्हचं अंतर मी पोळ्याला येईन तेव्हा आपण दोघं पाहू, तोवर ते झाकण उघडू नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा