कुत्र्यासह कोकणात : खोली कशी निवडाल?

मे महिन्यात तुम्ही लालबागहून गुहागरला निघाला आहात आणि घरचा कुत्राही बरोबर आहे. अशा वेळी खोली ठरवताना ‘कुत्रा चालेल का?’ एवढेच विचारून भागत नाही.

आपल्याला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. तोंडातील १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. पण किनाऱ्यावरची हवा आधीच दमट असल्याने बाष्पीभवन मंदावते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते; ते ४१ च्या वर गेले तर प्राणावर बेतते.

म्हणून पत्र्याच्या छपराची खोली टाळा. समोरासमोर खिडक्या, गार फरशी आणि अंगणात सावली असलेली खोली घ्या. वाळूवर तळहात ५ सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल, तर पंजांनाही सोसणार नाही. निघण्यापूर्वी रेबीजची लस वेळेवर दिली आहे ना, हे पशुवैद्यांना विचारा. परळला तर १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

कुत्रा उन्हाने कासावीस झाला, तर त्याला सावलीत नेऊन पाण्याने भिजवा, वारा घाला आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. नुसते भिजवून का भागत नाही, वारा कशासाठी? विचार करून सांगा पाहू!