भूक पहिल्या दिवशी, दूध तिसऱ्या दिवशी?

प्रश्न : सूनबाईचं सिझेरियन झालं. दूध उतरायला तिसरा दिवस उजाडला. तोवर बाळ रडून हैराण, म्हणून दवाखान्यात दोनदा पावडरचं दूध पाजलं. आता ती स्वतःलाच बोल लावत बसली आहे. बाळ जन्मतं पहिल्या दिवशी, मग दूध तिसऱ्या दिवशी का? आणि तोवर वरचं दिलं तर बिघडतं काय?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, पहिले दोन दिवस स्तन रिकामे असतात, असं नाही. गर्भारपणाच्या मध्यापासूनच तिथे चीक तयार होऊ लागतो. मात्र वार पोटात असते तोवर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर दूध बनू देत नाही. वार पडली की ते झपाट्यानं उतरतं आणि प्रोलॅक्टिन या दूध बनवणाऱ्या संप्रेरकाचा अंमल सुरू होतो. या बदलाला दोन-तीन दिवस लागतात. सिझेरियन, पहिलं बाळंतपण, मधुमेह किंवा जास्त रक्तस्राव असेल तर आणखी उशीर होतो. सूनबाईंचा यात काडीचा दोष नाही.

तेवढ्या दिवसांची सोय बाळ बरोबर घेऊनच येतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात जास्तीचं पाणी, चरबी आणि यकृतात साखरेचा साठा असतो. चीक पहिल्या दिवशी जेमतेम काही चमचे निघतो, पण तो प्रतिपिंडांनी भरलेला असतो. पूर्वी तोच पिळून टाकत आणि बाळाला मध चाटवत. मधातून बोट्युलिझम ही विषबाधा होऊ शकते. वर्षाच्या आत तो देऊच नये.

दुसऱ्या रात्री बरीच बाळं सारखी अंगावर मागतात. घरच्यांना वाटतं, दूध पुरत नाही. खरं तर त्या ओढण्यातूनच शरीराला जास्त दूध बनवण्याचा निरोप मिळतो. अशा वेळी बाटलीभर वरचं दूध पाजलं, की बाळ गाढ झोपतं, ओढणं थांबतं आणि दूध उतरणं लांबतं. बिघडतं ते इथे.

म्हणून वरचं दूध कधीच नको, असंही नाही. रक्तातली साखर उतरली, वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं, लघवी होईना, किंवा दूध कमी पडून कावीळ वाढली, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते द्यावंच. तिथे हट्ट धरणं घातक. पहिल्या दिवसांतलं पावडरचं दूध औषधासारखं वापरावं : कारण विचारून, मात्रा मोजून, कधी थांबवायचं ते ठरवून. नुसतं रडणं हे पुरेसं कारण नव्हे. आधी हातानं चीक काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजावा. जिथे मिळेल तिथे दुसऱ्या मातेनं दान केलेलं दूधही चालतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. असं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. पावडरचा क्रमांक त्यानंतरचा. आणि ती दिली तरी दर वेळी बाळाला अंगावर घ्यावं किंवा दूध पिळून काढावं, म्हणजे निरोप चालू राहतो.

कायद्याचा रोखही हाच आहे. १९९२च्या कायद्यानं बाळांच्या पावडरची जाहिरात आणि आयांना फुकट नमुने वाटणं बंद केलं. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नसतं, तेही त्यामुळेच. गरजू बाळाला पावडर द्यायला मात्र या कायद्याची आडकाठी नाही.

आता तुमच्या नातवंडाचं. दोनदा पाजलेल्या वरच्या दुधानं काही हातचं गेलेलं नाही. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजू द्या. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून किंवा बाळाला बगलेखाली धरून. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले होत असतील, काळी शी पिवळी झाली असेल आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं, तर दूध पुरतं आहे. बाळ मरगळलं, ओढेनासं झालं किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लंगोटांचा हिशेब तुम्हीच ठेवा, म्हणजे ‘पुरतंय का गं?’ असं सूनबाईंना दर तासाला कुणी विचारणार नाही.