गच्चीवरचे विमान आणि अर्धवट राहिलेले प्रकल्प



२८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या वडोदऱ्यात टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वायुदलासाठी घेतलेल्या ५६ विमानांपैकी ४० विमाने येथे बांधायची आहेत. कारखान्यात प्रत्येक कामाला वेगळा माणूस आणि ठरलेले वेळापत्रक असते. पण हेच काम एखाद्याने नोकरी सांभाळून घरी करायचे ठरवले, तर त्याच्या वाटेत काय काय येईल? या पाठात आपण ते पाहू.

परदेशात विमानाचे सुटे भाग संचाच्या रूपात विकत मिळतात. त्याला ‘किट’ म्हणतात. पेटाऱ्यात ॲल्युमिनियमचे पत्रे, पंखांच्या फासळ्या, हजारो रिव्हेट आणि नकाशे येतात. इंजिन बहुधा वेगळे घ्यावे लागते. दोन आसनांचे धातूचे विमान जोडायला साधारण १,५०० ते २,००० तास लागतात. आता हिशेब करा. रोज एक तास काम केले आणि एकही दिवस खाडा झाला नाही, तरी चार ते साडेपाच वर्षे लागतील. इतक्या काळात घरात आजारपण येते, लग्नकार्य येते, बदली होते. म्हणजे अडथळे येणारच, हे धरूनच काम हाती घ्यायला हवे.

आपल्या मराठी माणसाचे उदाहरण घेऊ. कॅप्टन अमोल यादव हे वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. हे किट नव्हते, आराखडाही त्यांचाच होता. आधीचे दोन प्रयत्न त्यांना सोडून द्यावे लागले होते. हे तिसरे विमान, म्हणून त्याचे नाव ‘टीएसी-००३’. नोकरी सांभाळून, घरच्यांच्या पाठबळावर सुमारे सहा वर्षे हे काम चालले. मग सुटे केलेले विमान क्रेनने खाली उतरवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईकरांनी ते पाहिले.

विमान तयार झाले, आता उडायचेच बाकी, असे कोणालाही वाटेल. पण खरी परीक्षा पुढेच होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाणाचा परवाना मिळाला ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्यानंतर २०२० मध्ये धुळ्याच्या विमानतळावर चाचण्या झाल्या. बांधायला सुमारे सहा वर्षे लागली आणि लोकांना दाखवल्यापासून परवाना हाती येईपर्यंत आणखी साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. हा काळ माणसाच्या धीराचा कस पाहतो, कारण हाताला काम नसते आणि मन इकडेतिकडे धावू लागते.

अडथळ्यांचे तीन प्रकार आपल्या लक्षात येतील. पहिला वस्तूचा. १९०३ च्या नोव्हेंबरात राइट बंधूंच्या विमानाच्या पंख्याचे दांडे तडकले. ऑर्व्हिल पोलादी दांडे करून आणायला परत गावी डेटनला गेला. १४ डिसेंबरचा प्रयत्न फसला, विमान मोडले. त्यांनी ते दुरुस्त केले आणि १७ डिसेंबरला १२ सेकंदांचे पहिले उड्डाण झाले. दुसरा अडथळा कागदाचा, म्हणजे परवाने, तपासणी आणि पैसा. तिसरा मनाचा. नवी कल्पना सुचते आणि जुने काम कोपऱ्यात पडते. पहिले दोन बाहेरून येतात, म्हणून दिसतात. तिसरा दिसत नाही, म्हणून तोच जास्त काम बुडवतो.

यावर घरी विमान बांधणारे लोक एक साधा उपाय करतात. ते रोजची वही ठेवतात. आज काय जोडले, किती वेळ गेला, काय चुकले, उद्या कोठून सुरुवात करायची, हे त्यात लिहितात. महिनाभर खंड पडला तरी वही उघडली की पुढचे पाऊल सापडते. चुकीचे पडलेले भोकही वहीत येते, कारण ते लपवले तर आकाशात त्याची किंमत मोजावी लागेल.

वहीचे मोल वडोदऱ्याला तर नीट कळायला हवे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवले आणि त्या वेळी श्रीमंत सयाजीराव महाराज हजर होते, असे आपण ऐकत आलो आहोत. पण त्याचा विश्वासार्ह समकालीन पुरावा मिळत नाही. म्हणून इतिहास ते उड्डाण झाल्याचे मानू शकत नाही. तळपद्यांनी खरोखर काय बांधले आणि ते कोठे अडले, हे तपासता येईल अशी नोंद आज आपल्या हाती असती, तर ती या कथेपेक्षा मोलाची ठरली असती.

पालकांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलाचा प्रकल्प तुम्ही पूर्ण करून देऊ नका. मोटर फिरली नाही, तर ती का फिरली नाही हे त्याला वहीत लिहू द्या. परीक्षक म्हणून आम्ही ते पान आधी पाहू आणि चकचकीत मॉडेल नंतर.

विश्वस्तांनाही एक मागणी. प्रयोगशाळेत अर्धवट प्रकल्पांसाठी एक कुलूपबंद कपाट द्यावे. आज प्रदर्शन संपले की जागेअभावी सगळे भंगारात जाते आणि पुढच्या वर्षी मुले पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. कपाट मिळाले, तर सातवीत सुरू केलेले काम नववीत पुरे होऊ शकेल.

स्वाध्याय
१. तुमचे अर्धवट राहिलेले एक काम निवडा. ते वस्तू, कागद की मन, यांपैकी कशामुळे अडले ते लिहा.
२. त्यासाठी रोज अर्धा तास द्या आणि १५ दिवस नोंद ठेवा. खाडा झालेला दिवसही लिहा.
३. वही वर्गशिक्षकांना दाखवा. काम पुरे झाले नसले तरी चालेल, पान मात्र कोरे नको.